बारा सिरिंजा आणि नऊ दिवस : मधुमेही बोक्याला घरीच सांभाळण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या दवाखान्यात उपचार घेणाऱ्या एका बोक्याचे आहे. कुटुंबाची आणि सांभाळायला आलेल्या मुलीची परवानगी घेऊन ते लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरातल्या दोघांना काका आणि काकू असेच म्हटले आहे, कारण ती मुलगीही त्यांना तशीच हाक मारते. बोक्याचे नाव मात्र गुंड्याच ठेवले आहे. या घटनेत झालेल्या चुकांपैकी एक माझी स्वतःची आहे आणि तीही इथे लिहिली आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात टिळक रस्त्यापासून जवळ, सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. काका निवृत्त आहेत, काकू घरी शिकवण्या घेतात, मुलगा नोकरी करतो. गुंड्या तेव्हा ११ वर्षांचा होता, वजन ६ किलो ४०० ग्रॅम. त्याच्या चौदा महिने आधी, तो सारखे पाणी पितो, मातीचा ट्रे दिवसाला दोनदा बदलावा लागतो आणि खिडकीच्या कट्ट्यावर त्याला उडी मारता येत नाही, अशी तक्रार घेऊन काकू माझ्याकडे आल्या होत्या. मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून तो चालत होता. तपासणीत मधुमेह निघाला. तेव्हापासून सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ वाजता, खाणे झाल्यावर, ग्लार्जिन इन्सुलिनचे प्रत्येकी २ युनिट असा क्रम सुरू झाला आणि काकूंनी तो इतक्या निष्ठेने पाळला की चार महिन्यांत गुंड्या पुन्हा कट्ट्यावर उडी मारू लागला.

कुटुंबाचे मूळ घर गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत आहे. घरचा गणपती आणि गौरी तिथेच बसतात. आधीच्या वर्षी गुंड्याचे निदान नवीन असल्यामुळे काकू पुण्यातच थांबल्या होत्या. या वर्षी सासूबाईंचे वय ८६ झाले होते, गौरीच्या सवाष्णीचे आणि ओवशाचे सगळे काकूंनीच पाहायचे होते, आणि थांबणे शक्य नव्हते. जाऊन येऊन नऊ दिवस लागणार होते.

अडचण

निरोगी मांजराला नऊ दिवस सांभाळायचे असेल, तर वेळेवर खाणे, पाणी, स्वच्छ ट्रे आणि दिवसातून थोडा वेळ सोबत एवढे पुरते. मधुमेही मांजराची गोष्ट वेगळी आहे. बारा बारा तासांनी इंजेक्शन द्यायचे, आणि तेही मांजराने खाल्ले आहे की नाही हे पाहून. म्हणजे दिवसातून दोन वेळा कोणीतरी एक छोटा निर्णय घ्यायचा. घरचे माणूस हा निर्णय सवयीने घेते. आपण निर्णय घेत आहोत हे त्याच्या लक्षातही येत नाही, आणि त्यामुळे दुसऱ्याला काम समजावून सांगताना नेमके तेवढेच सांगायचे राहून जाते.

त्यात गणपतीचे दिवस. पेठांमध्ये ढोलताशे, लाउडस्पीकर, रात्री उशिरापर्यंत देखाव्यांची गर्दी आणि गर्दीप्रमाणे वाहनांना बंद होणारे रस्ते. कोकणातल्या घराजवळ मोबाईलला रेंज नाही. फोन लावायचा तर वाडीतून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, चढून जावे लागते. या दोन्ही गोष्टी कुटुंबाला पक्क्या माहीत होत्या. तरीही गुंड्याच्या संदर्भात त्यांचा विचार झाला नाही, आणि माझ्याकडूनही ते विचारले गेले नाही.

कोणते पर्याय तपासले

काकू तीन आठवडे आधी माझ्याशी बोलायला आल्या, आणि हे त्यांनी फार चांगले केले. भाद्रपदात सांभाळणारे माणूस ऐनवेळी मिळत नाही, कारण तेही आपापल्या गावी निघालेले असते.

पहिला विचार गुंड्याला बरोबर नेण्याचा होता. पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर, असा सात-आठ तासांचा प्रवास, पोहोचल्यावर पाहुण्यांनी भरलेले, सगळी दारे उघडी असलेले घर, आणि मागे थेट झाडी. अनोळखी जागी बिथरलेले मांजर बाहेर पडले तर ते आवाजाच्या दिशेने परत येईल याचा भरवसा नसतो. हा पर्याय आम्ही पाच मिनिटांत बाजूला ठेवला.

प्राण्यांना ठेवून घेणाऱ्या दोन जागा काकांनी पाहून आणल्या. दोन्ही मुख्यतः कुत्र्यांसाठी होत्या. एकीकडे मांजरांची वेगळी खोली होती, पण इंजेक्शन देणारे माणूस रोज दोन्ही वेळा असेलच असे ते सांगू शकले नाहीत, आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानले पाहिजे. माझ्या दवाखान्यात दोन पिंजरे आहेत. पण रात्री तिथे कोणी नसते आणि दिवसभर बाजूला कुत्री भुंकत असतात. भीतीने आणि ताणाने मांजराची साखर वाढते. लठ्ठ मांजराने घाबरून दोन-तीन दिवस अन्न सोडले, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत गुंतलेला असतो, त्यामुळे गुंड्याला त्याच्या घरातून हलवू नये असे मी सुचवले. तो सल्ला आजही मला बरोबर वाटतो.

शेजारच्या आजी गुंड्याला जन्मापासून ओळखतात, पण त्यांचे हात कापतात आणि दिसते कमी. मुलाने थांबावे असेही एकदा निघाले. त्यावर काकू म्हणाल्या, "तो थांबला तर सकाळचं इंजेक्शन दहाला होईल." मी यात बोलले नाही, मात्र अशा प्रसंगी घरातले कोण थांबते हे वर्षानुवर्षे पाहत आल्यामुळे एक नमूद करते. थांबणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, आणि तिचे थांबणे हिशेबात धरले जात नाही म्हणूनच पैसे देऊन माणूस ठेवणे 'महाग' वाटते.

उरला पर्याय पेट सिटरचा. त्यातही दोन प्रकार होते : सकाळ-संध्याकाळ तासभर येऊन जाणारी व्यक्ती, किंवा घरीच मुक्काम करणारी. पहिल्याचा खर्च जवळपास निम्मा होता. काकांचा कल तिकडे होता, कारण अनोळखी माणसाच्या हाती नऊ दिवस घर देणे त्यांना जड जात होते. मुक्कामी व्यक्ती ठेवा असे मी सांगितले. इन्सुलिनमुळे साखर खाली गेली तर ती इंजेक्शनच्या वेळी जात नाही, काही तासांनी जाते, आणि संध्याकाळच्या डोसाच्या बाबतीत ते काही तास म्हणजे मध्यरात्र असते. पुढे जे घडले ते पाहता, या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

निवड आणि तयारी

तीन जणींशी बोलून झाल्यावर निवडलेली मुलगी २४ वर्षांची, परभणीकडची. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी ती पेठेतच कॉट बेसिसवर राहत होती आणि मेसचा खर्च भागवण्यासाठी दोन वर्षे लोकांची मांजरे सांभाळत होती. नऊ दिवस शांत घर आणि अभ्यासाला टेबल मिळणार म्हणून तीही खुशीत होती. रोजचे ९०० रुपये ठरले, पैकी ३,००० आगाऊ. आधीच्या दोन घरांना काकूंनी स्वतः फोन करून विचारले. तिच्या आधार कार्डाची प्रत घेतली, आणि आपलीही माहिती तिच्या घरच्यांना दिली. हॉलमध्ये कॅमेरा आहे, झोपायच्या खोलीत नाही, हे तिला आधीच दाखवले. परक्या घरात एकटी राहणारी मुलगीही जोखीम घेत असते, तेव्हा चौकशी दोन्ही बाजूंनी झाली पाहिजे, हे या कुटुंबाला कोणी सांगावे लागले नाही. इमारतीच्या सेक्रेटरींनी "ही मुलगी कोण?" असा प्रश्न काढला, तेव्हा काकांनी तिचे नाव आणि तारखा लिहून रीतसर पत्र दिले.

तिच्या बाजूने सर्वांत जमेची गोष्ट म्हणजे इंजेक्शनचा अनुभव. गावी तिच्या आजोबांना मधुमेह होता आणि बारावीपासून तीच त्यांना इन्सुलिन देत असे. काकूंसमोर तिने दोनदा गुंड्याला इंजेक्शन दिले. मानेमागची कातडी चिमटीत धरून, सुई आडवी घालून, तो खात असतानाच तिने ते इतक्या सहज केले की गुंड्याने वर पाहिले नाही. एक रात्र ती मुक्कामालाही राहून गेली. गुंड्या दिवाणाखाली बसून होता, पण पहाटे बाहेर आला आणि खाल्ले.

काकूंनी वहीत दोन पाने भरून सूचना लिहिल्या. त्यांची प्रत माझ्याकडे आहे. कोणत्या भांड्यात किती ग्रॅम खाणे, इन्सुलिनची बाटली फ्रीजच्या दारात, बाटली जोरात हलवायची नाही, ढोल वाजू लागले की गल्लीकडची खिडकी लावायची, 'गुंड्याला बाळा म्हटलेले आवडते'. शेवटी लिहिले होते : 'काहीही वाटले तर लगेच फोन कर', आणि त्याखाली तीन क्रमांक : काका, काकू, मुलगा. वहीशेजारी ग्लुकोमीटर आणि बारा सिरिंजा ठेवल्या होत्या.

पहिले सहा दिवस

हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळचे इंजेक्शन देऊन कुटुंब निघाले. त्या संध्याकाळपासून मुलीचे काम सुरू झाले. तिची नोंदवही नमुनेदार आहे : वेळ, खाल्लेले ग्रॅम, इंजेक्शन, ट्रेमधल्या लघवीच्या गोळ्यांची संख्या. दुसऱ्या दिवशी गुंड्याने निम्मेच खाल्ले, तिसऱ्या दिवशी गणपती आले आणि ढोलांच्या आवाजाने तो दुपारभर कपाटामागे होता, चौथ्या दिवसापासून तो तिच्या पुस्तकांवर झोपू लागला. वापरलेली प्रत्येक सिरिंज ती झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत टाकत होती.

सातवा दिवस

सातव्या दिवशी, गौरीपूजनाच्या सकाळी, बारावी सिरिंज वापरून झाली. अजून पाच डोस द्यायचे होते.

काकूंनी बाराच सिरिंजा का ठेवल्या होत्या? कारण घरी त्या एक सिरिंज दोनदा वापरत. त्यांच्या हिशेबाने बारा सिरिंजांमध्ये चोवीस डोस होत होते. एक सिरिंज एकदाच वापरावी हे मी त्यांना सांगितले होते, पण काटकसर म्हणून त्यांनी ही सवय लावून घेतली होती, आणि सवय असल्यामुळे ती वहीत उतरली नाही. मुलीला गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सने सुई एकदाच वापरायला शिकवले होते. ती बरोबर वागली म्हणून सिरिंजा संपल्या, हे लक्षात ठेवले पाहिजे.

संध्याकाळी सहा वाजता ती जवळच्या औषधाच्या दुकानात गेली. माझी जुनी चिठ्ठी तिच्याकडे होती. तिच्यावर इन्सुलिनचे नाव होते आणि खाली 'इन्सुलिन सिरिंज' एवढेच लिहिलेले होते. दुकानदाराने लाल टोपीच्या सिरिंजा दिल्या.

इथे थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते. माणसांच्या पुष्कळ इन्सुलिनच्या बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची असते. ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनमध्ये दर मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज नारिंगी टोपीची असते. दोन्ही सिरिंजांवर रेघा 'युनिट'च्याच असतात, पण लाल टोपीच्या सिरिंजेतली २ ची रेघ म्हणजे ०.०५ मिलिलिटर, तर नारिंगी टोपीतली २ ची रेघ म्हणजे ०.०२ मिलिलिटर. १०० च्या बाटलीतले औषध लाल टोपीच्या सिरिंजेत २ च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ५ युनिट जातात. अडीच पट.

मुलीच्या आजोबांची सिरिंज लाल टोपीचीच असे. ज्या अनुभवासाठी तिला निवडले होते, त्याच अनुभवाने तिला लाल टोपी ओळखीची वाटली. तरीही तिच्या नजरेला काहीतरी खटकले. सात वाजून चार मिनिटांनी तिने काकूंना सिरिंजेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "काकू, सिरिंज संपल्या म्हणून नवीन आणली. आज औषध जरा जास्त दिसतंय, बरोबर आहे ना?" संदेशावर एकच करडी खूण आली. ती दहा मिनिटे थांबली. सातची वेळ चुकू नये हे वहीत दोनदा अधोरेखित केलेले होते. तिने इंजेक्शन दिले.

रात्र

पावणेबारा वाजता गुंड्या उठून रिकाम्या भांड्यापाशी आला आणि ओरडू लागला. तिने थोडे खाणे दिले, ते त्याने घाईघाईने संपवले, आणि त्याची भूक खुलली याचा तिला आनंद झाला. पाऊण वाजता तो स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धडकला. मागचे पाय फरशीवर फाकत होते, बुबुळे मोठी झाली होती, हाकेला मान वळत नव्हती.

तिने तिन्ही क्रमांक लावले. तिन्ही संपर्क क्षेत्राबाहेर होते, कारण तिन्ही माणसे एकाच वाडीत, एकाच गौरीपुढे जागरणाला बसलेली होती. मग तिला गुंड्याच्या फाईलच्या कव्हरवर छापलेला माझा क्रमांक दिसला. एक वाजून पाच मिनिटांनी मी फोन उचलला. साखर तपासायला सांगितली, ३८ आली. मांजरात ६० च्या खालची साखर धोक्याची मानतात.

घरात मध आहे का, असे मी विचारले. नव्हता. तिने शेजारच्या आजींचे दार वाजवले आणि आजींनी पंचामृतासाठी आणलेली मधाची बाटली देवापुढून उचलून दिली. बोटावर मध घेऊन तो हिरड्यांना चोळायचा, तोंडात ओतायचा नाही, कारण गिळता आले नाही तर तो श्वासनलिकेत जातो. एवढे मी फोनवर सांगत राहिले आणि ती करत राहिली. पाच-सात मिनिटांनी गुंड्याने जीभ बाहेर काढून तिचे बोट चाटले. ते तिने मला फोनवर सांगितले तेव्हा तिचा आवाज फुटला होता.

पण हे इन्सुलिन दीर्घकाळ काम करणारे आहे. मधाचा आधार तासाभराचा. सलाईन लावणे भाग होते. दवाखाना नदीपलीकडे, आणि तिच्या गल्लीबाहेर गर्दीमुळे रिक्षा येऊ शकत नव्हती. मी गाडी डेक्कनच्या बाजूला उभी केली. ती आणि आजींचा नातू पिंजरा दोघांत धरून देखावे पाहणाऱ्या गर्दीतून टिळक रस्त्याने अलका चौकात आणि तिथून लकडी पुलावर आले. पिंजऱ्यावर तिने आपली ओढणी टाकली होती आणि दर शंभर पावलांवर थांबून, हात आत घालून ती त्याला मध लावत होती. पुलाच्या मध्यावर माझी त्यांची भेट झाली.

परिणाम

दवाखान्यात पोहोचलो तेव्हा साखर ५२ होती. शिरेतून पातळ केलेले डेक्स्ट्रोज हळूहळू देऊन नंतर सलाईन सुरू ठेवले. पहाटे साडेचारला साखर पुन्हा घसरली, सकाळी अकरापासून स्थिर राहिली, आणि दुपारी तीनला सलाईन काढता आले. संध्याकाळी गुंड्या स्वतःहून खाऊ लागला. त्याच्या चालण्यात किंवा नजरेत कोणताही दोष उरला नाही.

उपचार सुरू करायला एक मिनिटही गेले नाही याचे कारण एक कागद होता. बाहेरगावी जाणाऱ्यांकडून आम्ही एक संमतिपत्र घेतो : संपर्क झाला नाही तर ठरावीक रकमेपर्यंतचे उपचार डॉक्टरांनी सुरू करावेत. काकांनी त्यावर १५,००० रुपयांची मर्यादा लिहून सही केलेली होती. प्रत्यक्ष बिल ६,४०० झाले.

आठव्या दिवशी सकाळी नऊ वाजता काका फुले आणायला सड्यावर गेले आणि एकामागून एक संदेश येऊ लागले. पहिल्या फोनमध्ये ते रागावले होते. "अनुभव आहे म्हणून ठेवली ना तिला?" असे ते मला म्हणाले. मी त्यांना सिरिंजांची संख्या विचारली. फोनवर थोडा वेळ शांतता होती, मग काकूंचा आवाज आला : "बारा मीच ठेवल्या होत्या." निघून यावे का, असा प्रश्न होता. गुंड्या सुधारत होता आणि गौरीविसर्जनाचा दिवस होता, म्हणून काकूंनी थांबावे आणि काकांनी पुण्याला यावे असे ठरले. संध्याकाळी त्यांनी गुंड्याला घरी नेले आणि पहिली गोष्ट म्हणून आजींना नवी मधाची बाटली दिली.

मुलगी पैसे घ्यायला तयार नव्हती. बिलातला वाटा उचलण्याची तिची तयारी होती. काका-काकूंनी ठरलेले पैसे पूर्ण दिले आणि बिल स्वतः भरले. यावर घरात बरीच चर्चा झाली असे मला नंतर कळले. माझे मत त्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले की, चूक एका हाताने झाली असली तरी ती चार हातांतून तिथवर आली होती, आणि रात्री एक वाजता जागे राहून तिला सावरणारा हात मात्र एकच होता.

निर्णयाच्या जागा

मागे वळून पाहताना मला सर्वांत जास्त वेळ ज्या क्षणापाशी थांबावेसे वाटते तो म्हणजे संध्याकाळी सात वाजून चार मिनिटे ते सव्वासात. मुलीला शंका आली होती. तिने ती लिहून विचारलीही होती. उत्तर आले नाही, तेव्हा तिच्यापुढे दोन वाटा होत्या : डोस द्यायचा किंवा चुकवायचा. मधुमेही मांजराचा एक डोस चुकला तर साखर वाढते, ते पाणी जास्त पिते, आणि बहुतेक वेळा पुढच्या डोसाला गाडी रुळावर येते. डोस जास्त गेला तर काही तासांत जीव जाऊ शकतो. दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे मी काकूंना निदानाच्या दिवशी सांगितले होते. पण त्या मुलीला हे कोणीच सांगितले नव्हते. तिच्या वहीत फक्त वेळ पाळण्याची ताकीद होती, आणि जबाबदार माणूस जे करेल तेच तिने केले. 'शंका आली तर देऊ नकोस' एवढे एक वाक्य त्या दोन पानांत असते, तर ती रात्र झाली नसती.

दुसरी जागा माझ्या चिठ्ठीची आहे. सिरिंज कोणत्या तीव्रतेची हे लिहायला मला दोन सेकंद लागले असते. सुरुवातीला नारिंगी टोपीचे पाकीट मी स्वतः दवाखान्यातून दिले होते आणि काकू ते रिकामे पाकीट दाखवून नवे आणत. त्यामुळे चौदा महिने माझ्या अपुऱ्या चिठ्ठीने कोणाचे काही बिघडले नाही. चिठ्ठी जेव्हा एकटीच, पाकिटाशिवाय, दुसऱ्याच्या हाती दुकानात गेली तेव्हा तिच्यातली उणीव उघडी पडली. दुकानदाराने इन्सुलिनचे नाव वाचून विचारायला हवे होते हे खरे, पण त्याचा आधार घेऊन मी माझी जबाबदारी कमी करू इच्छित नाही.

तिसरी, संपर्काची. तीन क्रमांक दिले की तीन आधार झाले असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती तिन्ही माणसे ज्या क्षणी कुंभार्ली घाट उतरली, त्या क्षणी तो एकच क्रमांक झाला होता. पुण्यातल्या पुण्यात निर्णय घेऊ शकेल असे एकही नाव त्या यादीत नव्हते. आजींचेही नाही, कारण त्या इंजेक्शन देऊ शकत नाहीत म्हणून पर्यायांच्या यादीतून त्यांना वगळले तेव्हाच त्या मनातूनही वगळल्या गेल्या. त्यांच्याकडे मध होता, नातू होता आणि दाराला कडी नव्हती.

चाचणीच्या मुक्कामाबद्दलही माझे मत बदलले आहे. त्या रात्री सगळे सुरळीत झाले म्हणून आम्ही समाधानी झालो. आता मी सांगते की त्या भेटीत एखादी गोष्ट मुद्दाम अडवून पाहावी : आज याने खाल्लेच नाही असे समज, आता काय करशील? बाटली हातातून पडून फुटली, तर? उत्तर चुकले तरी बिघडत नाही, कारण ते दुरुस्त करायला घरचे माणूस समोर असते.

एक गोष्ट मात्र मी बदलणार नाही. माणूस निवडताना अनुभवाला महत्त्व दिले ते योग्यच होते. फक्त कशाचा अनुभव, कोणत्या औषधाचा, कोणत्या सिरिंजेचा, हे खोदून विचारायचे राहिले.

पुढच्या भाद्रपदात

वर्षभराने काकूंनी त्याच मुलीला पुन्हा बोलावले. तिने आधी दोनदा नकार दिला. काकू तिच्या खोलीवर जाऊन आल्या तेव्हा ती तयार झाली.

या वेळी इन्सुलिनची बाटली आणि तीस सिरिंजा फ्रीजमध्ये एकाच डब्यात होत्या, डब्यावर नारिंगी पट्टी आणि 'फक्त १००' असे ठळक अक्षरात. ओट्यावर मधाची बाटली. वहीतली दोन पाने तशीच होती, पण त्यांच्या आधी एक नवे पान आले होते, आणि ते काकू, ती मुलगी आणि मी अशा तिघींनी बसून लिहिले होते : खाल्ले नाही तर, निम्मे खाल्ले तर, उलटी झाली तर, सिरिंज वेगळी दिसली तर, फोन लागला नाही तर. संपर्काच्या यादीत पहिला क्रमांक माझा, दुसरा आजींच्या नातवाचा. काका रोज सकाळी नऊ आणि रात्री आठ वाजता सड्यावर जाऊन फोन लावणार होते. माझ्या चिठ्ठीवर आता सिरिंजेच्या तीव्रतेसाठी वेगळी ओळ छापलेली आहे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मला तिचा संदेश आला : "मॅडम, ढोल चालू आहेत, तो कपाटामागे आहे. खाल्लं नाही. इंजेक्शन दिलेलं नाही." मी सकाळपर्यंत थांबायला सांगितले. नऊ वाजता गल्ली शांत झाल्यावर गुंड्या बाहेर आला आणि त्याने थोडे खाल्ले. सकाळी सातला तिने पुन्हा कळवले : साखर ३१२, खाणे ५० ग्रॅम, नारिंगी टोपी, २ युनिट.